हिराकाकांचं न मोजलेलं वर्ष

गेल्या आठवड्यात मला एका अमेरिकन कॉलेजचं पत्र आलं. म्हणजे ई-मेल. तुमचा संघ बरेच महिने बेवारस पडला आहे, पंधरा दिवसांत हजर झाला नाहीत तर दुसऱ्या प्रशिक्षकाला देऊन टाकू, असा मजकूर. बायकोने माझ्या खांद्यावरून वाचला आणि विचारलं, "तुम्ही अमेरिकेत प्रशिक्षक कधी होतात?" म्हटलं, रेवसला लाँचच्या तिकीट खिडकीत बसायचो तेव्हा. ती स्वयंपाकघरात गेली. माझ्याबद्दल आश्चर्य करणं तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडलं.

खरं सांगायचं तर प्रशिक्षक मी कधीच नव्हतो. होते ते हिराकाका.

हिराजी तांडेल. आमच्याकडे तांडेल म्हणजे होडी-लाँच चालवणारा मुख्य माणूस, आणि काकांच्या बाबतीत आडनाव आणि धंदा एकच होता. रेवस ते मुंबईचा भाऊचा धक्का आणि परत, अशी त्यांनी पंचवीसएक वर्षं लाँच हाकली. आता ते उरणला लेकीकडे असतात आणि ऐकतो की तिथल्या धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या लाँचना नावं ठेवतात. त्यांची तब्येत उत्तम आहे. मी त्यांच्याबद्दल भूतकाळात लिहितोय ते एवढ्याचसाठी की रेवसचे हिराकाका आता रेवसला नाहीत.

बुटके, रुंद, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पोटरीपर्यंत दुमडलेली पँट. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. वेळ विचारली की धक्क्याच्या खांबांवरची ओली रेघ बघायचे आणि म्हणायचे, "सव्वानऊ." खिडकीतलं माझं घड्याळ मी त्यांच्यावरून लावायचो. प्रवासी ते मोजत नसत. लाँचच्या अंगावरचा रंगाचा पट्टा पाण्यात किती बुडाला ते बघायचे आणि म्हणायचे, "पाच जन उतरा." कोण पाच ते लोकांनी ठरवायचं. ते ठरेपर्यंत काका सुकाणूला हात लावत नसत. एकदा अलिबागचे एक वकीलसाहेब अडून बसले, मला साडेअकराला हायकोर्टात उभं राहायचंय. काका म्हणाले, "मग आदी मना सांगा, पोहता येतं का?" साहेब उतरले.

इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय जडल्यामुळे त्यांचा आवाज एकाच मापाचा होता. गुपितसुद्धा त्याच मापाने सांगायचे. लाँचचे मालक, आमचे शेठ, किती चिकट आहेत हे त्यांनी मला एकदा अगदी खाजगीत सांगितलं. शेठ त्या वेळी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला डिझेलची पिंपं बघत होते. त्यांनी तिथून हात वर करून ऐकल्याची खूण केली.

अपघात डिसेंबरात झाला. पाणी खवळलेलं होतं, लाँच धक्क्याला लागत होती, ताणलेला दोर खुंट्यावरून सुटला आणि काकांच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड वाचलं, पण आतले स्नायू फाटले. अलिबागला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर सुकाणू नाही. मधेच जोर लावलात आणि पुन्हा फाटलं तर मग शिवायला काही उरणार नाही.

काकांनी विचारलं, "आन वर्षभर न्हाय लावला तर?"

"तर शक्यता चांगली आहे."

"शक्यता म्हंजे व्हय का न्हाय?"

डॉक्टर म्हणाले, तुम्ही वर्षभर बसून दाखवा, मग सांगतो.

शेठनी दत्ता नावाच्या तांडेलाला तात्पुरता लावला आणि काकांना म्हणाले, "निश्चिंत बरे व्हा, जागा तुमचीच." काका निश्चिंत होणाऱ्यांपैकी नव्हते. टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या लाँचला ते धक्क्यावर हजर. हात झोळीत, झोळी गळ्यात. माझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसले आणि दत्ताने लाँच सोडेपर्यंत त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप फिरत होता, कधी इकडे, कधी तिकडे.

दिवसा सुकती लागली, म्हणजे ओहोटीने गाळ उघडा पडला, की दीड-दोन तास लाँच लागत नाही. त्या वेळात मी ऑफिसच्या संगणकावर खेळायचो. इथे माझी पहिली अक्कल सांगतो. मला फुटबॉलचा खेळ हवा होता, शोधता शोधता एक मिळाला. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा संघ तुमच्या ताब्यात. ते पत्र आलं ते याच कॉलेजचं. चित्रं नाहीत, पळापळ नाही, नुसती नावं आणि आकडे. दर वर्षी नवी पोरं भरती करायची, त्यांना तयार करायचं, कोण खेळणार ते ठरवायचं, बाकीचं संगणक खेळतो आणि निकाल सांगतो. तिथलं एक वर्ष म्हणजे आपले दोन-अडीच महिने. मी उत्साहाने लाथ मारण्यात हुशार असे सात जण भरती केले. पहिल्याच सामन्यात बावन्न-शून्य हरलो. दोन वर्षं हरल्यावर कळलं, अमेरिकेतला फुटबॉल हाताने खेळतात. लाथ मारणारा एक पुरतो, तोही बराच वेळ बसूनच असतो.

काका हे खिडकीतून बघत होते. इंग्रजी त्यांना अक्षरओळखीपुरतं, पण आकडे कळत.

"हा काय करतो?" त्यांनी एका नावावर बोट ठेवून विचारलं.

"हा चेंडू हातात घेऊन उभा राहतो आणि बाकीच्यांनी कुठे पळायचं ते ठरवतो."

"म्हंजे तांडेल."

"तसंच काहीतरी."

"आन तुजा तांडेल अठरा वरसाचा? कालच आला?"

म्हटलं, काका, आकडे चांगले आहेत त्याचे. त्याच आठवड्यात माझ्या त्या अठरा वर्षांच्या तांडेलाचा गुडघा गेला. काकांनी काही टोमणा मारला नाही. त्यांनी फक्त पडद्यावरच्या एका लाल चौकोनाकडे बोट केलं. "हा कशाला हाय?"

तो चौकोन मी खेळातल्या तीन वर्षांत दाबला नव्हता. वाचून दाखवला. रेडशर्ट. नव्या खेळाडूला लाल शर्ट घातला की तो वर्षभर सराव करतो, शिकतो, अंग भरतं, पण सामन्यात उतरत नाही. आणि प्रत्येकाला खेळायला चार वर्षं मिळतात ना, त्यातून हे बसलेलं वर्ष कापलं जात नाही.

काकांनी तोंड खिडकीच्या गजाला लावलं. मग म्हणाले, "परत सांग."

"बसलेलं वर्ष मोजत नाहीत, काका."

"कोन म्हनतो?"

"नियमच आहे."

त्यांनी झोळीतला हात जरा वर उचलून नीट ठेवला. "मास्तर," ते म्हणाले (तिकीटवाल्याला तिथे सगळे मास्तरच म्हणतात), "तुज्यापरीस त्या अमेरिकेवाल्यांना अक्कल हाय."

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांच्या मामाच्या होडीवर ते सोळाव्या वर्षी चढले. त्या घरची रीतच होती, नव्या माणसाने पहिलं वर्ष नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसून पाणी बघायचं. सुकाणूला हात लावायचा नाही, दोराला नाही, जाळ्यालाही नाही. संध्याकाळी मामा विचारणार, आज पाणी कुठं कुठं रंग बदललं? चुकलं तर जेवण उशिरा. "लय शिव्या दिल्या मी त्याला," काका म्हणाले, "मनात. पन अजून डोळं मिटलं तरी गाळ कुठं हाय ते दिसतो."

तेव्हापासून संघ काकांचा झाला आणि मी फक्त बटणं दाबू लागलो. भरती ते करायचे. वेंडल नावाचा एक पोरगा त्यांनी निवडला, तांडेलाच्या जागेवर. आकडे साधारण, पण "समज" नावाच्या रकान्यात भरघोस. मी म्हटलं, याच्याहून सरस तिघं आहेत. काका म्हणाले, "ते घाई करनारं हायत." हे त्यांना आकड्यांत कुठे दिसलं, देव जाणे. वेंडलला लाल शर्ट घातला. पडद्यावर त्याचं नाव लाल झालं. रोज सुकतीला काका पहिल्यांदा ते नाव बघायचे. "बसलाय?" "बसलाय." "बस बाला."

एव्हाना डॉक्टरांनी त्यांना व्यायाम दिला होता. रबराचा पट्टा माझ्या खिडकीच्या गजाला बांधून ते दिवसातून तीन वेळा ओढायचे. ओढायचे म्हणजे किती, तर डॉक्टरांनी सांगितले दहा, तर दहा. अकरावा नाही. नवे प्रवासी घाबरायचे, त्यांना वाटायचं हा माणूस तिकिटावरून भांडून खिडकी उपटतोय. मी गजाआडून समजावत राहायचो की हे आमचेच आहेत.

आता माझी दुसरी अक्कल. एप्रिलमधल्या एका मंगळवारी काका डॉक्टरांकडे अलिबागला गेले होते. त्या दिवशी आमचा सामना शेजारच्या कॉलेजशी होता. तिथला प्रशिक्षक कोण, कुठला, मला माहीत नाही, पण तो रोज मला निरोप पाठवायचा. इंग्रजीत. त्याचा अर्थ साधारण असा की तुझ्या संघापेक्षा आमच्या आजीची भिशी बरी खेळेल. मला राग आला. मी यादीत आमच्या मुख्य तांडेलाच्या खाली, दुसऱ्या क्रमांकावर, वेंडलचं नाव लावून ठेवलं. उतरवायचा नव्हता. नुसता दबदबा, म्हणजे पलीकडच्याने यादी बघावी आणि जरा विचारात पडावं. मुख्य तांडेलाचा घोटा शेवटची दहा मिनिटं उरली असताना मुरगळला. संगणकाला दबदबा वगैरे कळत नाही, त्याने यादीतला दुसरा उतरवला. वेंडल दहा मिनिटं खेळला. आम्ही एकतीस गुणांनी हरलो. पडद्यावर त्याचं नाव काळं झालं होतं. मी लाल चौकोन दाबला. पुन्हा दाबला. खाली ओळ आली की मैदानात उतरलेल्या खेळाडूला या वर्षी लाल शर्ट मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी संगणकासमोर भाड्याच्या दरांचा पुठ्ठा उभा केला आणि काकांना सांगितलं, नेट गेलंय. पुढचे पंधरा दिवस रेवसचं नेट गेलेलंच होतं. काका रोज विचारायचे, "वेंडल बसलाय ना रं?" मी म्हणायचो, "असेलच की, जातो कुठे."

मेच्या पहिल्या आठवड्यात तो रविवार आला. सुट्ट्यांची गर्दी, सव्वानऊच्या लाँचला धक्का भरलेला, आणि दत्ताचा पत्ता नाही. तो आदल्या रात्री मेव्हण्याच्या हळदीला गेला होता. आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या हळदीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येतो असं मानणारा मालक जगात एकच, आमचे शेठ. लोक खिडकीवर हात मारायला लागले. शेठचा फोन आला, "हिराकाका आहेत ना तिथे? सांगा एक फेरी मारायला. पाच महिने झाले की. एका फेरीने काय होतंय."

मी निरोप सांगितला. नुसता सांगितला नाही, वर माझं शेपूटही जोडलं. "काका, न्या ना. एकच फेरी. माझी खिडकी फोडतील ही माणसं."

काका उठले. झोळी गळ्यातून काढली, घडी करून खिशात ठेवली. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला बघितला मी. लाँचकडे जाणाऱ्या दोन पायऱ्या उतरले, डावा हात कठड्यावर, उजवा हळूच उघडून मिटून बघत. गर्दीतून वाट झाली. कुणीतरी म्हणालं, आला बाबा तांडेल. आणि तिसऱ्या पायरीवर त्यांनी वर माझ्याकडे बघितलं आणि त्या एकाच मापाच्या आवाजात विचारलं, "मास्तर, वेंडल बसलाय ना?"

शंभरएक माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना वाटलं वेंडल हा कुणी साहेब असावा, तो बसल्याशिवाय लाँच सुटत नसेल. मी खोटं बोलायला तोंड उघडलं. पंधरा दिवसांचा सराव होता. पण काका तिसऱ्या पायरीवर उभे होते आणि त्यांचा उजवा हात उघडत होता, मिटत होता.

"नाही काका," मी खिडकीच्या भोकातून म्हटलं. "मी त्याला दहा मिनिटं उतरवला."

"कवा?"

"तुम्ही डॉक्टरकडे गेला होता तेव्हा."

"धा मिनटं?"

"दहाच."

"मग?"

"वर्ष गेलं त्याचं. परत मिळत नाही. मी बघितलं करून."

"जिकला का?"

"एकतीसने हरलो."

ते तिथेच उभे राहिले. खाली लाँच धक्क्यावर घासत होती. मग त्यांनी खिशातून झोळी काढली, झटकली, दाताने गाठ धरून गळ्यात घातली आणि गर्दीकडे वळले. "लाँच दत्ता आला का सुटंल," ते म्हणाले. "माजा हात तयार न्हाय."

मला माहीत होतं, त्या माणसाला हे वाक्य केवढ्याला पडलं असेल. त्या धक्क्यावर त्यांनी आयुष्यात कुणाला मला जमत नाही असं सांगितलं नव्हतं. कमळाबाई नावाची मासळीवाली, रोज रिकाम्या टोपल्या घेऊन जाणारी, ती फणकारली, "मंग रोज हितं येऊन करतो काय?"

"बसतो," काका म्हणाले आणि येऊन बाकावर बसले.

लाँच दीड तास उशिरा सुटली. शेठ संध्याकाळी स्वतः आले. ते ओरडणारे गृहस्थ नाहीत. शांतपणे म्हणाले, "काका, अडीनडीला माणूस उपयोगी पडायला हवा. मी दत्ताला कायम करतो." काका म्हणाले, "करा." शेठ थोडा वेळ थांबले, वाद होईल म्हणून. झाला नाही. ते गेल्यावर काकांनी पट्टा गजाला बांधला आणि दहा वेळा ओढला. मी म्हटलं, "काका, आता कशासाठी? जागा गेली." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुन्हा सात लाथमारे भरती केलेत. "जागा गेली," ते म्हणाले. "हात हाय ना."

काकांनी संगणकाकडे बघितलंच नाही. निदान दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा बाजूला सारून म्हणाले, "लाव." वेंडलचं काळं नाव बघितलं. "आता तीन वरसं उरली त्याची. नीट वापरू." आणि वापरली. वेंडल शेवटच्या वर्षी असा काही खेळला की आमचा बाराव्या क्रमांकाचा संघ तिसरा आला. मग तो पदवीधर होऊन निघून गेला. यादीतून नाव नाहीसं झालं तेव्हा काका म्हणाले, "अजून एक वर्ष पायजे होता त्याला." मी खाली मान घालून म्हटलं, "ते मी खाल्लं." ते म्हणाले, "व्हय. आन ढेकर बी न्हाय दिलास पंदरा दिस."

पावसाळ्यात फेऱ्या कमी झाल्या, काका कमी झाले नाहीत. छत्री घेऊन बाकावर. पट्टा दहाचा वीस झाला, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. दिवाळीनंतर रबरी पट्टा जाऊन वाळूची पिशवी आली. डिसेंबरात वर्ष भरलं त्या दिवशी सकाळीच ते अलिबागला डॉक्टरांसमोर जाऊन बसले. डॉक्टरांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि काकांच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. व्हय. तो कागद घेऊन ते शेठकडे गेले. शेठ म्हणाले, जागा नाही. काका म्हणाले, "जागा झाली की सांगा. मी धक्क्यावर हाय." आणि दुसऱ्या दिवशी सातला बाकावर.

दीड महिना असे आले. मग दत्ताला मांडव्याला मोठ्या बोटीवर काम मिळालं आणि तो आठ दिवसांची सूचना देऊन गेला. शेठचा फोन मलाच आला. त्यांनी बराच खाकरून झाल्यावर विचारलं, "काका आहेत का तिथे?" मी म्हटलं, शेठ, ते कुठे जाणार.

त्या सकाळी धक्क्यावर नेहमीची गर्दी होती आणि गर्दीत कुजबूज होती. लोक तिकीट घेत होते, पण पायऱ्या उतरत नव्हते. काका लाँचवर उभे. कमळाबाई पायरीवर टोपल्या ठेवून आडवी उभी राहिली. "काय रं हिराजी," ती म्हणाली, "तूच ना तवा बोललास, हात तयार न्हाय?"

 त्यांच्याच तोंडचं वाक्य, सगळ्या धक्क्याने ऐकलेलं.

"तवा न्हवता," काका म्हणाले. "आता हाय."

एवढंच. कागद दाखवला नाही, हात फिरवून दाखवला नाही. कमळाबाईने त्यांच्याकडे बघितलं, खांद्याकडे बघितलं, मग टोपल्या उचलल्या. "धर," म्हणाली, आणि वरची टोपली त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती घेऊन आत ठेवली. मग बाकीचे उतरायला लागले.

मी खिडकीत उभा राहून बघत होतो. काका चालकाच्या खोपटीत शिरले. दोर सुटला. लाँच मागे सरली, पाणी उलटं ओढत होतं, तोंड वळवायला तिथे फार जागा नसते. मला त्यांची पाठ दिसत होती, पांढरा शर्ट, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, आणि दोन्ही हात सुकाणूवर. सुकाणू पूर्ण फिरलं. उजवा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. लाँच वळली. त्यांनी मागे बघितलं नाही.

खिडकीवर कुणीतरी जोरजोरात हात मारत होतं. बघितलं तर रांगेत नऊ माणसं उभी, हातात पैसे. त्यांना तिकीट द्यायचं मी विसरूनच गेलो होतो.

"अहो मास्तर, लाँच गेली," पुढचा माणूस म्हणाला.

"गेली," मी म्हटलं. "बरोबर सव्वानऊला गेली."